काचपेटीतला बांध

डॉक्टरांनी भुजंगराव मोजणीदारांना मासे खायला सांगितले असते, तर प्रश्न एका आठवडी बाजारात सुटला असता. पण डॉक्टरांनी मासे बघायला सांगितले. "रोज संध्याकाळी माशांच्या टाकीसमोर बसायचं. काही बोलायचं नाही, कुणाचं ऐकायचं नाही. रक्तदाब आपोआप उतरतो," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. खाण्याचा मासा फार तर काट्यापुरता त्रास देतो. बघण्याचा मासा काय काय करू शकतो, याची डॉक्टरांना कल्पना नसावी.

भुजंगरावांची सगळी नोकरी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेली. भोकरदन तालुक्यात कुणाचा बांध कुणाच्या अंगावर किती सरकलाय, हे बांधाच्या मालकाआधी त्यांना कळायचं. निवृत्तीच्या दिवशी सरकारनं साखळी, टेबल, नकाशे असं सगळं त्यांच्याकडून मोजून परत घेतलं. फक्त लोक परत घेतले नाहीत. ते येतच राहिले. सकाळी एक भाऊ यायचा, "साहेब, नुसती नजर टाका." संध्याकाळी दुसरा यायचा, "साहेब, सकाळी आमचा तो येऊन गेल्ता म्हणं." भुजंगराव दोघांवर सारख्याच आवाजात ओरडायचे आणि दोघांनाही सारखाच चहा मिळायचा. ओरडणं भुजंगरावांचं, चहा दुर्गाबाईंचा. या व्यवहारात आपल्या वाट्याला नेमकं काय आलंय, हे दुर्गाबाईंनी पुरतं ओळखलं होतं. बोलून मात्र दाखवलं नव्हतं.

मग एका सकाळी एका सामाईक विहिरीवरून ओरडता ओरडता भुजंगराव मध्येच थांबले आणि खुर्चीत बसले. ते ओरडताना कधी बसत नसत. म्हणून पक्षकार घाबरले आणि दोघं मिळून त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. त्या दोघांनी आयुष्यात मिळून केलेलं ते पहिलंच काम.

पुण्याहून मुलाचा, आदिनाथचा फोन आला. "नाना, बास झालं आता. इकडं या. अकराव्या मजल्यावर घर हाय आपलं. इथं कुणाचा बांधच न्हाई."

भुजंगरावांना ते ऐकूनच दुसरी चक्कर आली. जिथून खाली बघितलं तर ही जमीन कुणाची, ती कुणाची, काही कळायचं नाही, तिथल्या खिडकीत बसून माणसानं करायचं काय?

दुर्गाबाईंनी मात्र फोन हातात घेऊन विचारलं, "तिथं दारावर कोणी येतं का रे?"

"खाली वॉचमन असतो, आई. विचारल्याबिगर वर सोडत न्हाई."

देवळाचा कळस दिसल्यावर येतो तसा भाव दुर्गाबाईंच्या चेहऱ्यावर आला.

शेवटी तडजोड झाली. दसऱ्याला आदिनाथ गाडी आणि रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन येणार. दाब उतरलेला असला तर भुजंगराव भोकरदनमध्ये राहणार, नसला तर त्याच गाडीत बसून पुण्याला जाणार. घराला कुलूप, किल्ली शेजारी. दुर्गाबाईंनी दुसऱ्याच दिवशी लोणच्याच्या बरण्या कपड्यात बांधायला घेतल्या. भुजंगरावांनी चप्पल पायात सरकवली आणि बसस्टँडजवळच्या महेबूबच्या दुकानाचा रस्ता धरला.

महेबूब मोबाईलची कव्हरं, पोपट आणि मासे विकायचा. भुजंगरावांना पाहताच तो उठून उभा राहिला. "आओ साहब! हमारे दादा का प्लॉट आपनेच नापा था." हे ऐकून भुजंगराव जरा सावध झाले, कारण त्यांच्या आठवणीप्रमाणे मोजणीनंतर तो प्लॉट कमी भरला होता. पण महेबूबच्या मनात तसलं काही नव्हतं. निदान त्या दिवशी तरी नव्हतं.

"मला शांत मासे पाहिजेत," भुजंगराव म्हणाले. "भांडणारा एकबी नको. सगळे गुण्यागोविंदानं राहणारे."

"बराबर. कम्युनिटी टँक म्हणतात त्याला." महेबूब एकेका टाकीपुढं उभा राहून स्थळं दाखवावीत तसे मासे दाखवायला लागला. "ह्या निऑन टेट्रा. झुंडीनं फिरतात. किसीसे लेना ना देना. ह्या गप्पी. गरीब जात, फक्त पोरं लई होतात. ही मॉली. जराशी आखडू, पर दिल की साफ. आणि हे कोरी. खाली बसून सगळ्यांचं उष्टं खातात, तोंडातून शब्द न्हाई."

"आणि हा?" कोपऱ्यातल्या बरणीत एक लालनिळा मासा एकटाच कल्ले फुगवून काचेवर धडका देत होता.

"उसको मत देखो साहब. फायटर हाय. त्याचं कुणाशीच जमत न्हाई, म्हणून वेगळा टाकला."

भुजंगरावांनी त्या माशाकडं बराच वेळ बघितलं. जाफराबाद रोडचा एक पक्षकार थेट असाच होता.

टाकी आली, माती आली, वाळू आली, एक वेडंवाकडं लाकूड आलं. झाडं खरी लावायची, प्लास्टिकची नकोत, हा भुजंगरावांचा आग्रह. मागच्या बाजूला लांब पात्यांची, पुढं बुटकी, लाकडाला बांधलेलं फर्न. सगळी रोपं त्यांनी पट्टी धरून सरळ ओळीत लावली. टाकीखाली पाणसळ ठेवली तेव्हा कळलं की आपल्याच घराची फरशी एका अंगाला उतरती आहे आणि उतार शेजारच्या राधेश्यामच्या भिंतीकडं आहे.

"घर राधेश्यामकडं झुकलंय," ते गंभीरपणे म्हणाले.

"घर तरी झुकलं," दुर्गाबाई म्हणाल्या.

खरी पंचाईत पुढं होती. "पानी पकने दो," महेबूबनं बजावलं होतं. झाडं लावायची, पाणी फिरवणारी, गाळणारी मोटर चालू ठेवायची आणि पाणी मुरेपर्यंत एक मासा सोडायचा नाही. घाई केली तर मासे मरतात. भुजंगराव नियमाचे पक्के. ते रोज संध्याकाळी आरामखुर्ची ओढून रिकाम्या टाकीसमोर बसायला लागले. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे काही बोलायचे नाहीत, कुणाचं ऐकायचे नाहीत.

इथं त्यांच्या वसाहतीबद्दल सांगायला हवं. तिचं नाव महसूल कॉलनी. सगळे रहिवासी निवृत्त सरकारी नोकर: कोणी तलाठी, कोणी ग्रामसेवक, कोणी पेशकार. प्रत्येकाची खुर्ची गेली होती, पण बसायची सवय राहिली होती. असल्या वस्तीत एक माणूस नुसत्या पाण्याकडं बघत बसतो, ही बातमी लपून कशी राहणार?

"मासे कुठंत?" मागच्या घरातल्या सगुणाबाईंनी खिडकीतून डोकावून विचारलं.

"यायचेत."

"कुठून यायचेत?"

"दुकानातून."

"मंग आता काय बगून राह्यले?"

"पाणी."

सगुणाबाईंनी दुर्गाबाईंना बाजूला घेतलं. "दुर्गाताई, ह्यांना जास्तच झालंय का? आमच्या दिराचं असंच सुरू झाल्तं. आधी भिंतीकडं बघायचे, मंग भिंतीशी बोलायचे." दोन दिवसांत कॉलनीतले लोक भुजंगरावांशी जरा हळू आणि स्पष्ट बोलायला लागले. लहान मुलाला किंवा वरच्या साहेबाला समजावताना बोलतात तसं. त्यांच्या मानाच्या खात्यात जन्मभर जी जमा झाली होती, तिला त्या महिन्यात मोठी गळती लागली.

त्यात नोटीस आली. कॉलनीला मिळून एक बोअर. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, आणि त्यावर लक्ष ठेवायला पाणी समिती. समितीचे सचिव तातेराव. ते कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारावर नोटिसा डकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते राहायचे समोरच्या घरात. त्या दिवशी सकाळी त्यांनी दुर्गाबाईंच्या हातचा चहाही घेतला होता. तरी दुपारी येऊन त्यांनी बेल न वाजवता दारावर कागद डकवला आणि खोकून निघून गेले. पिण्याच्या पाण्याचा मत्स्यपालनासाठी वापर होत असल्याची तक्रार समितीकडे आली असून, समिती जागेवर येऊन पंचनामा करील. तक्रारदाराचं नाव नव्हतं. पण 'सदरहू' हा शब्द एका वाक्यात तीनदा आल्यावर तक्रार राधेश्याम तलाठ्यांची आहे, हे भुजंगरावांनी लगेच ओळखलं.

पंचनाम्याला तातेराव दोन पंच घेऊन आले. एक राधेश्याम, दुसऱ्या सगुणाबाई. तिघं टाकीपुढं उभे राहिले.

"मासे किती?" तातेरावांनी विचारलं.

"एकबी न्हाई," भुजंगराव म्हणाले.

तातेरावांनी 'मासे: निरंक' असं लिहिलं आणि मग ते अडले. "मंग मत्स्यपालन कशाचं?"

"तेच तर मी म्हणतो."

"पण पाणी साठवलंय ना?" राधेश्याम म्हणाले.

"हो. मासे यायचेत."

"म्हणजे हेतू हाय!" राधेश्यामांचा चेहरा उजळला. "तातेराव, लिहा. हेतू शाबीत."

हेतूवर बराच वेळ वाद झाला. मध्येच दुर्गाबाईंनी चहा आणला. चहा पिताना पंचांच्या लक्षात आलं, की टाकीतलं जे पाणी दर आठवड्याला बदलायचं, ते झाडांना खतासारखं लागू पडतं. सगुणाबाई म्हणाल्या, ते पाणी माझ्या कढीपत्त्याला मिळणार असेल तर माझी हरकत न्हाई. मग राधेश्यामांच्या मोगऱ्याचीही हरकत उरली नाही. समितीनं परवानगी दिली. अट एकच: समितीला केव्हाही येऊन पाहणी करता येईल. 'केव्हाही' म्हणजे चहाच्या वेळेला, हे कुणी लिहिलं नाही, पण दुर्गाबाईंनी ते वाचलं.

मासे आले. महेबूबनं पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या आणि मग हळूच सोडल्या. टेट्रांच्या अंगावरची निळी रेघ झाडांमधून सुईदोऱ्यासारखी फिरायला लागली. गप्पी शेपट्या मिरवत निघाल्या. कोरी खाली जाऊन निमूटपणे वाळू उपसायला लागले. भुजंगराव खुर्चीत बसले. पहिल्यांदाच त्यांना कळलं, की आपण बऱ्याच वेळात कुणावर ओरडलेलो नाही. दुर्गाबाईसुद्धा हात पुसत मागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "किती गुमान असतात हो बिचारे."

हे सुख अर्धा दिवस टिकलं.

आपल्याकडची एक रीत आहे. कुणाच्या घरी गेलं आणि समोर मूल असो, म्हैस असो की पोपट, त्याच्या तोंडात काहीतरी घातल्याशिवाय माणूस निघत नाही. सगुणाबाईंनी शेंगदाण्याचा कूट टाकला. तातेरावांनी पाहणी करताना बशीतला चिवडा टाकला. भुजंगराव म्हणाले, "अहो, त्यांना दिवसातून एकदाच चिमूटभर लागतं." सगुणाबाई म्हणाल्या, "घरात खायला असून लेकरं उपाशी ठेवता व्हय? बघा, तोंड कसं उघडझाप करून राह्यलेत." पाणी ताकासारखं झालं. महेबूब येऊन पाणी बदलून गेला आणि दोन मेलेल्या गप्पी पुडीत बांधून घेऊन गेला. भुजंगरावांनी पाटी लावली: 'माशांना खाद्य देण्यास सक्त मनाई आहे.' राधेश्यामांनी ती वाचली आणि खाली कोणाच्या हुकुमावरून ते लिहिलेलं नाही, अशी त्रुटी काढली.

पण मनातून राधेश्याम ओशाळले होते. तक्रार आपण केली, हे भुजंगरावांना कळलंय, हे त्यांना कळलं होतं. आणि सकाळ-संध्याकाळ त्याच घरचा चहा पिऊन ही बाकी वाढत चालली होती. ती फेडायची म्हणून एके दिवशी ते बादली घेऊन आले. बादलीवर ओलं फडकं.

"आहेर हाय," ते म्हणाले. "तुमच्या टाकीत सगळी बारकी बारकी पोरंसोरं. घरात एक कर्ता माणूस पाहिजे. म्हणून धरणावरच्या भोईकडून खास आणला. गावरान हाय."

फडकं बाजूला केलं, तर वीतभर लांबीची मरळ. काळपट, जाड, सापासारख्या डोक्याची. तिनं बादलीतून भुजंगरावांकडं बघितलं. आपल्या वहिवाटीतल्या शेतात मोजणीदार आला की मालक जसा बघतो, तसं.

"राधेश्यामराव, हे… बसंल का ह्यांच्यात?"

"काहून बसणार न्हाई? शांत जात. हलत बी न्हाई."

आहेर परत करायचा म्हणजे वैर. वैर म्हणजे ओरडणं. ओरडणं म्हणजे अकरावा मजला. भुजंगरावांनी हा हिशोब डोळ्यांपुढं मांडला आणि मरळ टाकीत सोडली.

राधेश्याम खोटं बोलले नव्हते. मरळ लाकडाखाली जाऊन बसली आणि हलली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी टेट्रांची झुंड जरा विरळ वाटली. तिसऱ्या दिवशी झुंड म्हणण्यासारखी उरली नाही. मॉलीनं आखडूपणा सोडून दिला आणि ती मोटरमागं तोंड लपवून बसली.

महेबूब कपाळाला हात लावून म्हणाला, "साहब, ये तो शेर को बकरियों में बांध दिया! निकालो जल्दी."

"निकालता येत न्हाई. आहेर हाय."

"तो फिर?"

भुजंगराव उठले. हयातभर भाऊबंदकीत जो एकच उपाय त्यांनी केला होता, तोच त्यांनी केला. टाकीची वाटणी केली.

काच कापून आणली. टाकी लांबीनं मोजली, मध्य काढला, दोन्हीकडं खूण केली, पाणसळ लावून काच उभी केली. इकडं मरळ, तिकडं बाकीचे. पण मोटर एकच, आणि ती आली बारक्या माशांच्या बाजूला. मरळीला पाणी पोचणार कसं? नव्या मोटरीचा विचार दुसऱ्या कोणी केला असता. भुजंगराव मोजणीतले, पूर्वापार वाहत आलेलं पाणी बांध घालून अडवता येत नाही, हे त्यांनी असंख्य लोकांना ओरडून सांगितलं होतं. म्हणून त्यांनी काच पाण्याच्या पातळीपेक्षा दोन बोटं खाली ठेवली. पाण्याला वाट राहिली. वाटणी कायदेशीर झाली.

मात्र वाटणी झाली म्हटल्यावर महसूल कॉलनी कशी स्वस्थ बसेल? संध्याकाळी हॉल भरला. राधेश्याम काचेजवळ वाकून बघत म्हणाले, "हे बराबर न्हाई भुजंगराव. झाडं सगळी तिकडं. माझ्या माशाला नुसती वाळू. म्हणजे बागायत त्यांना आणि कोरडवाहू आम्हाला?"

"तुमच्यानं बाकीच्यांना खाल्लं!" सगुणाबाई कडाडल्या. "त्याला हिस्सा कशाचा देता? त्याला बाहेर काढा."

"वारस हाय तो."

"वारस कसला? दत्तक बी न्हाई. बादलीतून आलेला!"

"सदरहू मासा आहेर म्हणून आलाय, सगुणाबाई. आहेर म्हणजे मालकी."

तातेरावांनी कागद काढला. त्या वेळी टेंभुर्णीचे राजानंद आणि रामकिसन हे दोघं भाऊ हॉलमध्ये दोन टोकांना बसले होते. ते आले होते स्वतःच्या बांधासाठी, पण माशांचा वाद ऐकून त्यांना राहवेना. राजानंद म्हणाला, थोरल्याला मोठा वाटा पाहिजेच. रामकिसन म्हणाला, हेच, हेच, आमच्या घरात बी असंच झालं, मोठ्यानं गिळलं सगळं. राजानंद उभा राहिला. रामकिसन उभा राहिला. दुर्गाबाई चहाचा ट्रे घेऊन दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या, तेव्हा ते बसले.

हे रोजचं झालं. एक बाजू मरळीची, एक टेट्रांची. कॉलनीतले लोक रस्त्यात भेटले तरी आधी "कोणीकडून?" असं विचारायचे. भुजंगराव मध्ये खुर्ची टाकून बसायचे, पट्टी हातात. दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचे. डॉक्टरांच्या एकाही सूचनेचं पालन होत नव्हतं. दसरा तोंडावर आला होता. बरण्या बांधून झाल्या होत्या.

आदिनाथ आला तो दसऱ्याच्या सकाळी. गाडी दारात लावून, यंत्राची पिशवी घेऊन तो आत पाऊल टाकतोय तोच हॉलमधून किंकाळी आली. सगुणाबाई खुर्चीवर चढल्या होत्या. मरळीनं पाण्याची ती दोन बोटांची वाट शोधली होती. वाट पाण्याला आहे, पाण्यातल्याला नाही, असं कायद्यात कुठं लिहिलंय? ती बांध ओलांडून बागायतीत शिरली. तिथं राधेश्यामांनी तिला चिमट्यानं मागे लोटायचा प्रयत्न केला. त्या झटापटीत ती झाकण नसलेल्या टाकीतून उसळली आणि फरशीवर पडली. साधा मासा असता तर पडून राहिला असता. मरळ चिखलातून चालणारी जात. ती घराच्या उताराला लागली आणि सरळ राधेश्यामांच्या भिंतीच्या दिशेनं सरपटत निघाली.

"अतिक्रमण!" तातेराव ओरडले.

"पकडा!"

"कोणीकडून पकडू?"

दुर्गाबाई स्वयंपाकघरातून पितळी परात घेऊन आल्या, परात त्यांनी मरळीवर पालथी घातली आणि वर बसल्या. परातीखालून धडधड आवाज येत राहिला.

आदिनाथ दारातच उभा होता. "आई," तो म्हणाला, "हे काय चाललंय?"

"तुझ्या नानांना शांतता पाहिजे होती," परातीवर बसूनच दुर्गाबाई म्हणाल्या.

मरळ बादलीत गेली. आदिनाथनं कुणाचं काही न ऐकता भुजंगरावांना खुर्चीत बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला आणि बटण दाबलं. कॉलनी श्वास रोखून उभी राहिली. भुजंगरावांनी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरचा प्लॉट कुणाचा, त्याची उत्तरेची हद्द कुठवर, मागच्या गल्लीत कोणता बांध वाकडा, सगळं त्यांना पाठ होतं. उद्यापासून हे कोण लक्षात ठेवणार? पट्टा फुगला, आवळला, सुस्कारा टाकून सैल झाला.

आदिनाथनं आकडे वाचले. पुन्हा पट्टा बांधला. पुन्हा वाचले. "नाना, एकदम बराबर हाय! गोळी वाढवली का तुम्ही?"

"न्हाई."

"यंत्र बिघडलं असंल," राधेश्याम म्हणाले आणि पडताळणीसाठी त्यांनी आपला दंड पुढं केला. फुकटात दाब मोजून मिळतोय म्हटल्यावर महसूल कॉलनीची रांग लागली. राधेश्यामांचा दाब भलताच वर निघाला. तातेरावांचा त्याहून वर. सगुणाबाईंच्या वेळी तर यंत्रानं दोनदा 'चूक' दाखवली आणि मग जो आकडा सांगितला, तो आदिनाथनं त्यांच्या कानात सांगितला.

भुजंगरावांचा दाब कुठं गेला, याचा खुलासा झाला. इतके दिवस ओरडायचं काम बाकीच्यांनी केलं होतं. ज्याला दोन्ही बाजूंचं ऐकून पट्टी धरून बसायला मिळतं, आणि स्वतःची काही जमीन त्यात नसते, अशा मोजणीदाराला कसला त्रास? त्यांनी आपलं दुखणं वाटून टाकलं होतं. आणि वाटणी, नेहमीप्रमाणे, अगदी समसमान.

राधेश्याम मुकाट्यानं बादली उचलून म्हणाले, "मी सोडून येतो हिला धरणात. माझ्याच्यानं न्हाई व्हायचं आता." कुणी हरकत घेतली नाही.

भुजंगराव जिंकले होते. ते उठून हसणार, तेवढ्यात आदिनाथ म्हणाला, "आई, तू राहिलीस. ये इकडं."

दुर्गाबाईंचा दाब सगळ्यांच्या वर निघाला.

हॉल एकेक करून रिकामा झाला. आदिनाथ हळू आवाजात म्हणाला, "मंग आई, तूच चल माझ्यासंगं. नाना राहतील इथं."

"चालते," दुर्गाबाई म्हणाल्या आणि पिशवी भरायला आत गेल्या.

भुजंगराव मागोमाग गेले. ओट्यावर सकाळपासूनचे कप पडले होते; इतके, की खालचा ओटा दिसत नव्हता. त्यांनी त्यातले दोन कप एकात एक ठेवले.

"तुझा काहून चढला?" त्यांनी विचारलं. "तू तर कधी भांडत न्हाई."

"मी चहा करते," दुर्गाबाई साडीची घडी घालत म्हणाल्या. "तुम्ही वरडून मोकळे होता. ते भांडून मोकळे होतात. मी आधण ठेवते, आन् दोन्ही पार्ट्यांना हसून कप देते. टेंभुर्णीच्या त्या दोघांना किती वर्षं देऊन राह्यले मी चहा, मोजलंय कधी? सगळ्या तालुक्याचं मोजलं तुम्ही."

हे मोजलेलं नव्हतं. भुजंगरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"हद्द कायम करू," ते शेवटी म्हणाले. "तू सांग कुठून कुठपर्यंत. मी सही करतो. पण इथं राहा."

दुर्गाबाईंनी घडी खाली ठेवली. विचार केला. मग ओट्याकडं बोट केलं. "पाहुणा आला, तर चहा मी करीन. तंटा घेऊन आला, तर तुम्ही. आधणापासून कप विसळण्यापर्यंत."

"मला येतो का चहा?"

"शिका. नोकरीत बी शिकलेच होते ना?"

आदिनाथ दुसऱ्या दिवशी एकटाच पुण्याला गेला. बरण्या पुन्हा फळीवर गेल्या. टाकीतली काच काढली. उरलेल्या टेट्रा, गप्पी, मॉली आणि कोरी जपून जपून बाहेर आले आणि सगळ्या टाकीत फिरायला लागले. त्यांच्यासमोरची खुर्ची आता दुर्गाबाईंची. तंटा घेऊन येणाऱ्याला त्या म्हणायच्या, "त्यांच्याशी बोला, मी माशांकडं बघते."

टेंभुर्णीचे राजानंद आणि रामकिसन आपापल्या गाडीवर आले. भुजंगरावांनी दोघांना बसवलं, आत गेले आणि पाणी, दूध, साखर, पत्ती सगळं अचूक मोजून घेतलं. उकळायचं किती, हे मात्र कुठल्या नियमात नव्हतं, म्हणून त्यांनी रंग पक्का बसेपर्यंत उकळू दिलं. आल्याचा तुकडा त्यांनी बांधाच्या दगडाएवढा घातला. दोघा भावांनी पहिला घोट घेतला. मग कितीतरी वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं.

"कसा झाला?" भुजंगराव दारात उभे राहून अपेक्षेनं म्हणाले.

"कडक हाय," राजानंद म्हणाला. रामकिसननं मान डोलावली. या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झाल्याची नोंद तालुक्यात कुठं नव्हती.

"बसा, नकाशा आणतो. तोवर अजून अर्धा अर्धा ओततो."

पुढच्या बाजाराला ते पुन्हा आले, या वेळी एकाच गाडीवर, आणि फाटकाच्या आत काही आले नाहीत.

"साहेब, आमचं मिटलं!" रामकिसन बाहेरूनच ओरडला.

"मिटलं? असं कसं मिटलं? मोजणी कुठं झाली अजून?"

"मोजणी लागतच न्हाई. दोघांनी थोडं थोडं सोडलं."

"मंग या ना आत. आधण ठेवलंय. मिटलं म्हणून चहा तरी…"

"मिटलंय म्हणलं ना साहेब!" राजानंदनं घाईघाईनं गाडीला किक मारली. धाकटा मागं बसला, त्यानं थोरल्याच्या खांद्याला घट्ट धरलं आणि गाडी वळणावर दिसेनाशी झाली.

भुजंगराव आत आले. दुर्गाबाईंनी टाकीवरची नजर न काढता विचारलं, "कोण होतं?"

"टेंभुर्णीचे. मिटलं म्हणे त्यांचं."

"किती कपांत?"